दोनाला तीन

दर मंगळवारी सकाळी साडेनऊला एडिसनहून नाना "बालाजीला" जातात. ब्रिजवॉटरच्या व्यंकटेश्वराला जायचं तर २८७ नंबरचा रस्ता धरायचा, हे न्यू जर्सीतला कुठलाही मराठी माणूस झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. नानांची गाडीही त्याच रस्त्याला लागते. फक्त देवळापाशी ती वळत नाही. देवळाच्या दिशेने स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लागतो आणि गाडी ७८ धरून पश्चिमेला, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला निघते. तिथे पोलादाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर कसिनो आहे.

"बेथलेहेम हे देवस्थानच ना?" नाना विचारतात. "मग खोटं काय बोललो?"

नानांना जुगारी म्हणालात तर ते रागावणार नाहीत, पण तुमची कीव करतील. त्यांची हयात गेली एका विमा कंपनीच्या हिशेबखात्यात. त्याआधीचं बालपण गिरगावच्या चाळीत, गणपतीच्या जागरणाला पाच-तीन-दोन खेळण्यात. "त्यातला पाच काढून टाक," ते म्हणतात, "उरतं ते तीन-दोन. तेच आयुष्यभर धरून बसलोय." जिंकण्याची त्यांना फारशी हाव नाही. आपल्याला कोणी बनवलं नाही एवढी खात्री पटली, की नाना हरूनही ढेकर देतात.

हे तीन-दोन म्हणजे काय, ते न समजून घेता नानांच्या घरातून आजवर कोणी चहा पिऊन बाहेर पडलेलं नाही. ब्लॅकजॅकमध्ये पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा किंमतीचं पान आलं की तो ब्लॅकजॅक. पूर्वी जगभर त्याला दोनाला तीन मिळत. दहा डॉलर लावले, पंधरा आले. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून पाचाला सहा हा प्रकार निघाला. दहा लावले, बारा आले. टेबल तेच, हिरवं कापड तेच, डीलरचं हसूही तेच. कापडावर बारीक छापलेला आकडा तेवढा वेगळा. बहुतेक लोक म्हणतात, सहा हा तीनापेक्षा मोठाच की! हे वाक्य नानांनी स्वतःच्या कानांनी एका टेबलावर ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"या एका फरकाने कसिनोचा वाटा जवळजवळ एक पूर्णांक चार दशांश टक्क्यांनी वाढतो," नाना बशीतला चहा फुंकत सांगतात. "शंभरातले दीड रुपये म्हणून सोडून देशील तू. अरे, नीट खेळणाऱ्याच्या विरुद्ध मूळ वाटाच अर्धा टक्का! चौपट झाला म्हण."

नीट खेळणं म्हणजे तक्त्याप्रमाणे खेळणं. हा तक्ता नानांच्या पाकिटात प्लॅस्टिकच्या वेष्टनात असतो. त्याच्या मागे स्वामी समर्थ आणि त्यांच्या मागे काकूंचा लग्नातला फोटो, हा क्रम काकूंना माहीत आहे. एक्के आणि अठ्ठ्या आल्या की फोडायच्या, दश्श्या कधी फोडायच्या नाहीत, डीलरने एक्का दाखवून "इन्शुरन्स?" विचारलं तर मान हलवायची. जन्मभर विमा कंपनीत काढलेला माणूस तो 'नाही' ज्या तृप्तीने म्हणतो, ती पाहण्यासारखी असते. १९५६ साली अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी साध्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून खेळण्याची ही पद्धत पहिल्यांदा संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. नाना त्या चौघांची नावं सनकादिकांसारखी घेतात. त्यांच्यानंतर एडवर्ड थॉर्प. या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ साली पुस्तक लिहून पत्ते मोजायला शिकवलं. नानांकडे त्याची प्रत आहे, पंचांगाशेजारी. दोन्ही सारख्याच वेळा उघडली जातात, आणि दोन्हींचा नशिबावर होणारा परिणामही मला सारखाच वाटतो. हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

मी एडिसनला आलो तेव्हा मला वाटायचं, ज्याला पत्त्यांचं एवढं वेड तो लास व्हेगासला जात असेल. निदान अटलांटिक सिटी तरी, गार्डन स्टेट पार्कवेने सरळ खाली दीड-पावणेदोन तासांवर. मी तसं बोललो. नानांनी माझ्याकडे पुण्याच्या माणसाने मुंबईच्या मिसळीकडे पाहावं तसं पाहिलं.

अटलांटिक सिटी हे नानांचं पहिलं प्रेम, आणि पहिल्या प्रेमाविषयी बोलताना माणूस जेवढा कडवट होतो तेवढे ते होतात. १९७८ च्या मे महिन्यात तिथे पहिला कसिनो उघडला. पूर्वेला त्या वेळी दुसरं काही नव्हतंच. नाना अमेरिकेत आल्यावर कंपनीतले लोक त्यांना घेऊन गेले. लाकडी फळ्यांचा समुद्रकाठचा तो रस्ता, वारा, खाऱ्या पाण्याच्या नावाची गोड टॉफी, आणि आपण परदेशात आहोत याची ती पहिली खरी जाणीव. १९९० साली तिथे ताजमहाल नावाचा कसिनो उघडला. नाना आग्र्याला कधीच गेलेले नाहीत. काकूंना त्यांनी ताजमहाल दाखवला तो हा. काकूंनी घुमटाकडे पाहून विचारलं, "यात कोणाला पुरलंय?" नाना म्हणाले, "आत गेल्यावर कळेल." २०१६ साली तो बंद पडला. त्याआधी २०१४ या एका वर्षात त्या गावातले चार कसिनो मिटले होते. नानांनी तेव्हा सुतक पाळलं नाही एवढंच.

कारण उघड होतं. १९९२ साली कनेक्टिकटच्या झाडीत पिक्वॉट जमातीने आपल्या जमिनीवर फॉक्सवुड्स काढला, १९९६ ला मोहिगन लोकांनी त्यांचा. २००६ साली पेनसिल्व्हेनियात जुगाराची यंत्रं आली आणि २०१० साली पत्त्यांची टेबलंही. मग तीन टोलनाके ओलांडून समुद्रावर कोण जाणार?

पण नाना पेनसिल्व्हेनियाकडे वळले ते अंतरासाठी नव्हे, नियमांसाठी. पेनसिल्व्हेनियाने ब्लॅकजॅकचे नियम कसिनोच्या मर्जीवर सोडले नाहीत, सरकारी नियमावलीत घातले. डीलरकडे एक्का आणि छक्की असली, म्हणजे नरम सतरा, तर त्याने थांबायचं. इतर पुष्कळ ठिकाणी तो आणखी एक पान ओढतो आणि तेवढ्याने खेळणाऱ्याचं पाव टक्क्याच्या आसपास नुकसान होतं. शिवाय सरेंडरची सोय. हात अगदीच वाईट असेल तर अर्धे पैसे देऊन डाव सोडता येतो. सोळा आपल्याकडे आणि समोर दश्शी, की नाना बोटाने कापडावर रेघ मारतात आणि मोठ्याने म्हणतात, "पुरंदरचा तह!" तेवीस किल्ले दिले, बारा राखले. तिथली एक व्हिएतनामी डीलर आता नानांची पानं पाहिली की स्वतःच विचारते, "ताह?"

"सरकारी नियमावलीत लिहिलंय," हे नानांचं पालुपद आहे. मराठी मध्यमवर्गीय माणूस सरकारला आयुष्यभर शिव्या देतो, पण एखाद्या गोष्टीवर सरकारी शिक्का दिसला की त्याला आपल्याच घरात आल्यासारखं वाटतं. नानांना जुगारात रेशनकार्डाची ऊब सापडली.

व्हेगासला ते एकदाच गेले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. काकूंना कारंजी पाहायची होती, नानांना हाकललं जायचं होतं. हे जरा उलगडून सांगायला हवं. पत्ते मोजणाऱ्याला नेवाडातले कसिनो खेळू नको म्हणून सांगू शकतात. न्यू जर्सीत तसं चालत नाही. केन युस्टन नावाच्या मोजणाऱ्याला अटलांटिक सिटीत बंदी केली, तो कोर्टात गेला, आणि १९८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणून तिथे आठ-आठ कॅट पिसून घालतात आणि खुशाल मोजा म्हणतात. नाना वर्षानुवर्षं मोजत होते. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक. ओठ हलायचे. शेजारच्याला वाटायचं हा भारतीय म्हातारा रामरक्षा म्हणतोय. कोणी ढुंकून पाहिलं नाही. एवढी विद्या आणि दखल नाही! तेव्हा निदान व्हेगासला तरी दोन धिप्पाड माणसं येतील, खांद्यावर हात ठेवतील, "सर, तुम्ही आमच्यासाठी फार हुशार आहात" असं म्हणतील, ही आशा.

नाना तीन तास मोजत बसले. मोजणी अनुकूल झाली तेव्हा त्यांनी दहाचे वीस केले. अखेर सूट घातलेला पिट बॉस खरोखरच त्यांच्या दिशेने आला. नानांनी डोळे मिटले. तो वाकला आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाला, "सर, तुम्हाला बुफेचं कुपन देऊ का?"

ते कुपन त्यांनी वापरलं. दोन वेळचं जेवण निघालं. पण व्हेगास मनातून उतरलं ते उतरलंच. त्यांच्या मते तिथे चांगला खेळ मिळतच नाही असं नाही. जुन्या गावात, डाउनटाउनकडे अजून दोनाला तीनवाली टेबलं आहेत, आणि स्ट्रिपवर मोठी रक्कम लावणाऱ्यालाही चांगले नियम मिळतात. पण पंधरा डॉलरच्या गिऱ्हाइकासमोर पाचाला सहाच येतं. वर हॉटेलच्या बिलात खोलीच्या भाड्याशिवाय रिसॉर्टची म्हणून वेगळी फी. "कशाची फी? रिसॉर्टमध्ये राहतो म्हणून रिसॉर्टची फी!"

यावर नानांचा एक सिद्धांत आहे, आणि तो मला मनापासून पटतो. व्हेगास म्हणजे जत्रेतला दुकानदार. माणूस वर्षातून एकदा येणार, हातात पैसे खुळखुळणार, उद्या परत जाणार. त्याला वजनात मारलं तर तक्रार करायला तो येतो कधी? बेथलेहेमचा कसिनो म्हणजे गल्लीतला वाणी. तेच चारशे लोक दर मंगळवारी. वाणीही कापतोच, पण उद्याही तुम्ही यायला हवं आहात, म्हणून पोटाला चिमटा न लागेल एवढंच. वर नाव लक्षात ठेवतो, पार्किंग फुकट देतो, आणि सणासुदीला हातात एखादं भांडं ठेवतो. नानांच्या तळघरात अशी चौदा फ्राइंग पॅन आहेत. एडिसनमध्ये कोणाचीही वास्तुशांत झाली की आहेर कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता हिशेब. नानांची एक लाल वही आहे. पंधरा डॉलरचा डाव, तासाला साठ हात, म्हणजे तासाला नऊशे डॉलर टेबलावरून फिरतात. बेथलेहेमला कसिनोचा वाटा शेकडा चाळीस सेंट, म्हणून तासाला तीन डॉलर साठ सेंट तोटा. व्हेगासच्या पाचाला सहाच्या टेबलावर तो वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणून अठरा डॉलर तोटा. फरक चौदा डॉलर चाळीस सेंट. वर्षाचे दोनशे तास. २०१० पासून चौदा वर्षं. बेरीज चाळीस हजार तीनशे वीस. एवढे डॉलर नानांनी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कसिनोत जाऊन वाचवले आहेत.

"ते कुठे ठेवलेत, तेवढं एकदा दाखवा," काकू म्हणतात.

वाटेतला टोलही ते वाचवतात. ७८ वरच्या पुलाला पेनसिल्व्हेनियात शिरताना पैसे पडतात. म्हणून नाना अलीकडेच उतरून फिलिप्सबर्गच्या गल्ल्यांतून जुन्या पुलावर जातात. त्याला तिथले लोक 'फ्री ब्रिज'च म्हणतात. वीस मिनिटं जास्त लागतात आणि पेट्रोलही जास्त जळत असणार. त्या विषयावर लाल वहीत रकाना नाही.

१९७६ या सालाबद्दल नाना विशेष हळवे आहेत. त्या वर्षी न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कसिनोला परवानगी दिली. त्याच वर्षी गोव्याचा जुगाराचा कायदा झाला. पुढे ९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं बसली आणि ९६ सालच्या दुरुस्तीने मांडवीतल्या बोटींवर टेबलं मांडायची वाट मोकळी झाली. आणि त्याच वर्षी, हे सांगताना नाना आवाज खाली आणतात, आपल्या महाराष्ट्राने कसिनोचा कायदा केला होता. परवाने, कर, सगळं लिहून तयार. फक्त तो अमलात आणायचा राहिला. सत्तेचाळीस वर्षं तसाच पडून होता, आणि २०२३ साली विधिमंडळाने तो रद्द केला. "न झालेल्या मुलाचं श्राद्ध," नाना म्हणतात. गिरगाव चौपाटीसमोर, सरकारी नियमावलीसकट, नरम सतराला थांबणारा डीलर... ते स्वप्न कसं दिसलं असतं हे त्यांनी मला एकदा सविस्तर सांगितलं. टेबलावर वडापाव होता.

गोव्याला त्यांनी जाऊन पाहिलं आहे. काकूंचं माहेर म्हापशाचं. मेहुण्याला बरोबर घेऊन पणजीच्या धक्क्यावर गेले, तर २०२० पासून गोवेकरांना आत खेळायला बंदी. मेहुणा आपल्याच नदीच्या काठावर चणे खात उभा राहिला आणि अमेरिकेचा पासपोर्ट दाखवून नाना बोटीत चढले. तिथे तिकिटातच जेवण आणि पिणं होतं. नाना दारू घेत नाहीत, ही त्यांच्या हिशेबातली त्या रात्रीची सर्वांत मोठी हानी. त्यांनी चार वेळा सोलकढी मागून घेतली, टेबलावरचा नियमांचा फलक वीस मिनिटं वाचला आणि एकही डाव न खेळता परत आले. मेहुण्याने विचारलं, "किती हरलात?" "तिकीट," नाना म्हणाले.

मागच्या नोव्हेंबरात मी त्यांच्याबरोबर बेथलेहेमला गेलो. काकूही होत्या, कसिनोची दोन सभासद-कार्डं असली तर भांडी दोन मिळतात या नानांच्या आशेने. काकूंनी मात्र स्वतःचं कार्ड कधी काढलं नाही. पोस्टाने त्यांच्या नावावर कसिनोची पत्रं येतील आणि पोस्टमन काय म्हणेल! जुन्या भट्ट्या बाहेर गंजून उभ्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं पोलाद इथून गेलं. आत सकाळी अकराला टेबलांवर सगळं निवृत्त जग बसलेलं. कोणाच्या नाकात ऑक्सिजनची नळी, कोणाच्या मांडीवर विणकाम. यंत्रांपुढे लोक कार्डाच्या गुंडाळलेल्या दोरीने गळ्यापासून यंत्राला बांधलेले, दाव्याला गुरं बांधावीत तसे.

नाना चार तास खेळले. मी मागे उभा. सहा कॅट भरलेल्या पेटीला तिकडे शू म्हणतात, आणि "शू संपली की उठू" हे वाक्य नाना इतक्या गंभीरपणे म्हणतात की मला बाहेर जाऊन हसून यावं लागलं. परत आलो तर काकू समोरून येत होत्या. चेहरा पांढरा, हातात एक कागद आणि मागे कसिनोचा एक माणूस. यंत्रात वीस डॉलर घातले होते. तेराशे बहात्तर आले.

नानांनी कागद पाहिला, काकूंकडे पाहिलं आणि विचारलं, "कार्ड घातलं होतंस?"

"तुमचं तर तुमच्यापाशी."

"मग पॉइंट गेले," नाना म्हणाले आणि पुढची सत्ती घेतली.

पण येताना गाडीत ते गप्प होते. २०२५ पर्यंत बाराशे किंवा वर यंत्रात मिळाले की कर खात्याचा फॉर्म भरून देत, तो काकूंनी पर्समध्ये बालाजीच्या कुंकवाच्या पुडीबरोबर ठेवला होता. ईस्टनच्या आसपास नाना एकदम म्हणाले, "अगं, जिंकलेल्यातून हरलेलं वजा करता येतं!"

काकू खिडकीबाहेर पाहत होत्या.

"आपलं रिटर्न एकत्र. इतकी वर्षं माझ्या हरण्याला कशातून वजा करायचं तेच नव्हतं. आता आहे!" चौदा वर्षं सेंटासेंटाने नोंदलेली लाल वही अखेर सरकारदरबारी कामाला येणार होती. नानांना मी इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. एडिसनला पोचेपर्यंत ते गुणगुणत होते.

रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. आवाज पडलेला.

"अरे, वर्षभरात मी हरलोय नऊशे बारा. हिचे तेराशे बहात्तर. चारशे साठ कमी पडतात."

"मग?"

"एकतीस डिसेंबरच्या आत हरायला हवेत. तासाला तीन साठ म्हणजे एकशे अठ्ठावीस तास. मंगळवार उरलेत पाच."

मी म्हणालो, नाना, चारशे साठावरचा कर शंभराच्या आसपास होईल, भरून टाका. पलीकडे बराच वेळ शांतता. वहीची पानं उलटल्याचा आवाज.

"ते सोड," नाना हळूच म्हणाले, काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेताने. "ते पाचाला सहावालं टेबल... अटलांटिक सिटीला अजून कुठल्या बाजूला लागतं रे?"